तुम्ही विचारलंत म्हणून: मुली खरंच जास्त नम्र बोलतात का?

मी विद्यापीठात भाषाविज्ञान शिकवते हे कळलं की हा प्रश्न हमखास येतो: मुली मुलांपेक्षा जास्त नम्र बोलतात, हो ना? मला सरळ 'हो' म्हणवत नाही.

या चर्चेला १९७५ साली अमेरिकन भाषावैज्ञानिक रॉबिन लेकॉफ यांच्या पुस्तकानं जोर आला. 'मला वाटतं', 'बरोबर ना?' अशी मऊ बोलणी स्त्रियांना समाजातल्या दुय्यम जागेमुळे शिकावी लागतात, असं त्यांचं म्हणणं. पण त्यांनी मोजदाद केली नव्हती. भिस्त स्वतःच्या भाषिक जाणिवेवर होती. पुढे १९८० मध्ये ओबार आणि अ‍ॅटकिन्स यांनी अमेरिकेतल्या न्यायालयांमधल्या साक्षी तपासल्या. तज्ज्ञ म्हणून आलेल्या स्त्रिया ठामपणे बोलत होत्या, आणि ज्यांना ना प्रतिष्ठा ना कोर्टाची सवय, असे पुरुष तसंच मऊ, चाचरत बोलत होते.

विद्यार्थ्यांपुरतं बोलायचं तर मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो शूमान आणि रॉस यांचा २०१० चा अभ्यास. विद्यापीठातल्या मुलामुलींनी रोज डायरीत लिहायचं: आज माझं काय चुकलं, मी माफी मागितली का? मुलींच्या माफ्या जास्त निघाल्या. पण आपलं चुकलं अशा नोंदीही मुलींच्याच जास्त होत्या. एकदा चूक झाली असं वाटलं, की माफी मागण्याचं प्रमाण दोघांचंही जवळपास सारखंच. म्हणजे फरक आहे तो कशाला चूक म्हणायचं यात. हे वाचल्यापासून माफी न मागणाऱ्या मुलाला मी चटकन उद्धट ठरवत नाही. त्याला ती चूक दिसली तरी आहे का, हे आधी विचारते.

एक सावधगिरी मात्र हवी. 'प्राध्यापकांकडे मुदतवाढ मागायची आहे, काय म्हणाल?' असं छापून उत्तरं गोळा करण्याची पद्धत फार चालते. कागदावर मुलगा काय, मुलगी काय, शोभेल तेच लिहितात. मुदतीच्या आदल्या संध्याकाळी माझ्या दाराशी आलेला कुणीही तसं छापील बोलत नाही. तिथे सगळेच नम्र असतात, कारण गुण माझ्या हातात असतात.

एका तोंडी परीक्षेत एका मुलीनं 'मला वाटतं' म्हणून सुरुवात केली. उत्तर अचूक होतं. सहपरीक्षकांनी आत्मविश्वास कमी म्हणून गुण कापले. पुढच्या मुलानंही 'मला वाटतं' म्हटलं, तर त्यांना तो विचारी वाटला. भाषावैज्ञानिक जॅनेट होम्स यांना न्यूझीलंडमधल्या संभाषणांत दिसलं होतं, की 'हो ना?'सारखे प्रश्न स्त्रिया बहुतेकदा समोरच्याला बोलतं करायला वापरतात, तर पुरुषांच्या तोंडी ते जास्त वेळा स्वतःची खात्री नसल्यामुळे येतात. हे मला ठाऊक होतं, तरी त्या दिवशी मी गप्प बसले. त्याची बोच अजून आहे. आता गुण लिहिण्याआधी मी सहपरीक्षकांना एकच विचारते: उत्तर बरोबर होतं का?