नवी बॅटरी घालूनही सेल्फ लागत नव्हता

माझी दीडशे सीसीची मोटरसायकल पंधरा वर्षांहून जुनी असून तिचे सारे आयुष्य रत्नागिरीच्या खाऱ्या, दमट हवेत गेले आहे. गेल्या पावसाळ्यात तिचा सेल्फ लागेनासा झाला. बटण दाबले की सीटखालच्या रिलेचा (बटण दाबताच मोटरला करंट जोडून देणाऱ्या विजेच्या स्विचचा) ‘कट’ असा आवाज येई, सेल्फची मोटर जेमतेम अर्धा फेरा घेई आणि थांबे. किक मारली की मात्र इंजिन लगेच सुरू होत असल्यामुळे प्लग, इग्निशन कॉइल किंवा सीडीआय या ठिणगी पाडणाऱ्या भागांवर संशय घेण्याचे कारण नव्हते.

सेल्फच्या वायरिंगमध्ये दोन वेगळे मार्ग असतात. बटण, क्लचचा स्विच, न्यूट्रलचा स्विच आणि रिलेची कॉइल हा बारीक वायरचा मार्ग. बॅटरी, जाड केबल, रिलेच्या आतले कॉन्टॅक्ट आणि मोटर हा जाड वायरचा. ‘कट’ ऐकू येतो म्हणजे पहिला मार्ग बहुतेक शाबूत असतो आणि शोध दुसऱ्या मार्गावर घ्यावा लागतो. मेकॅनिकने सवयीप्रमाणे बॅटरी बदलायला सांगितली. नवी ९ अँपिअर-तासांची बॅटरी बसवल्यावर सेल्फ काही दिवस कसाबसा लागला आणि पुन्हा पहिल्यासारखाच अडू लागला. जुनी बॅटरी दुकानदाराला बदलीत दिलेली असल्यामुळे ती खरोखर संपली होती का, हे तपासण्याची सोय उरली नव्हती.

मग साधा डिजिटल मल्टिमीटर घेऊन मी स्वतःच मोजायला बसलो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पेट्रोलचा कॉक बंद केला. इंजिन सुरू होऊ नये म्हणून प्लगची कॅप काढली आणि तिच्यात दुसरा प्लग घालून तो इंजिनच्या उघड्या धातूला टेकवून बांधला. कॅप नुसती लोंबती ठेवली तर इग्निशन कॉइल आणि सीडीआयवर ताण येतो. मीटर डीसी व्होल्टवरच ठेवला, कारण सेल्फ मोटर कित्येक अँपिअर ओढते आणि मीटरची १० अँपिअरची बाजू ते सोसू शकत नाही.

स्वस्थ बसलेल्या बॅटरीचे व्होल्टेज १२.७ भरले, म्हणजे ती पूर्ण चार्ज होती. बटण दाबून धरल्यावर ते ११.९ पर्यंतच उतरले आणि खरा धागा इथे सापडला. बॅटरी कमजोर असती किंवा मोटर आतून जाम झाली असती, तर हा आकडा दहाच्याही खाली घसरला असता. मोटर अडलेली असूनही बॅटरीवर फारसा भार येत नाही, याचा अर्थ वाटेत कुठेतरी करंट अडत होता. मोटरच्या टर्मिनलपासून तिच्याच बॉडीपर्यंत मोजले तेव्हा मीटरने ८.६ दाखवले, म्हणजे ३.३ व्होल्ट मोटरपर्यंत पोहोचतच नव्हते.

ते शोधण्यासाठी प्रत्येक तुकड्याच्या दोन टोकांना मीटरच्या पिना लावून दर वेळी दोन-तीन सेकंदच सेल्फ दाबला आणि मध्ये मोटरला विश्रांती दिली. बॅटरीच्या प्लसपासून रिलेपर्यंत ०.१, रिलेच्या दोन बोल्टमध्ये ०.३, रिलेपासून मोटरपर्यंत ०.१ आणि बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या केसिंगपर्यंत तब्बल २.८. दोष अर्थच्या, म्हणजे बॅटरीचे मायनस इंजिनला जोडणाऱ्या केबलमध्ये होता. याच केबलची कंटिन्युइटी (वाट तुटलेली नाही ना, हे) मेकॅनिकने आधी तपासली होती आणि मीटर व्यवस्थित वाजला होता. मीटरला वाजण्यासाठी केबलची एक तार धड असली तरी पुरते, आणि ४० अँपिअरला २.८ व्होल्ट खाणारा रोध जेमतेम ०.०७ ओहमचा असतो. साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरीच त्याहून जास्त दाखवतात. भार नसताना असा दोष दिसत नाही.

खात्री करून घेण्यासाठी बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या केसिंगला एक जाड जंपर केबल लावली, तर सेल्फ खणखणीत फिरला. त्यानंतर बॅटरीचे मायनस टर्मिनल आधी सोडवून जुनी केबल बाहेर काढली. बोल्टखालची जागा गंजली होतीच, पण टोकाच्या लगजवळचे (बोल्टमध्ये बसणाऱ्या धातूच्या कडीजवळचे) रबर सोलल्यावर आतल्या तांब्याच्या तारा बोटभर आतपर्यंत काळ्या पडून भुगा होऊ लागलेल्या दिसल्या. नुसते टोक घासून भागणार नव्हते. ऑटो इलेक्ट्रिशियनकडून त्याच जाडीची नवी केबल लग दाबून करून घेतली, इंजिनवरची जागा पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासली, बोल्ट आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली लावली.

पुन्हा मोजले तेव्हा अर्थच्या बाजूला ०.१ व्होल्टच खर्ची पडत होते, पण सेल्फ दाबताना बॅटरी आता १०.९ पर्यंत उतरू लागली होती. हे बिघडल्याचे लक्षण नव्हते. वाट मोकळी झाल्यामुळे मोटर आपल्या हक्काचा करंट ओढत होती. मात्र त्याच वाढलेल्या करंटमुळे रिलेच्या दोन बोल्टमधला फरक ०.३ वरून ०.५ वर गेला, म्हणजे त्याचे आतले कॉन्टॅक्टही झिजत आले होते. रिले महाग नसतो, म्हणून तोही बदलून टाकला. इंजिन चालू ठेवून चार-पाच हजार आरपीएमला बॅटरीवर १४.१ व्होल्ट मिळाले, म्हणजे बॅटरी नीट चार्ज होत होती, त्यामुळे चार्जिंग सांभाळणाऱ्या रेक्टिफायरला हात लावावा लागला नाही.