नऊचा नियम चौथीपर्यंत, झोप मोडते नववीची

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं. निर्णय चांगलाच, पण सकाळच्या झोपेची खरी ओढाताण सुरू होते ती सातवी-आठवीपासून.

वयात येताना मेंदूत मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, पाझरायची वेळ एक-दोन तासांनी पुढे सरकते. साडेनऊला डोळे मिटणारं पोर अकराशिवाय झोपत नाही, त्याला सगळा दोष मोबाइलचा नाही. आता हिशोब करा: सातची शाळा, सव्वासहाला व्हॅन, म्हणजे उठणं साडेपाचला. झोप झाली साडेसहा तास. या वयाला लागते ८ ते १०. शिवाय स्वप्नांची, म्हणजे आरईएम झोप पहाटेच्या वाट्याला जास्त येते, आणि गजर नेमका तिच्यावरच घाला घालतो. भावना ताळ्यावर ठेवायला याच झोपेची मदत होते असं मानतात. त्यामुळे उठल्या उठल्या चिडचिड, क्षुल्लक कारणाने रडू, आणि घरच्यांकडून ‘आळशी’ हा शिक्का.

‘शाळा उशिरा केली तर पोरं आणखी उशिरा झोपतील’ हा नेहमीचा आक्षेप. अमेरिकेत सिएटलने २०१६ मध्ये हायस्कूलची वेळ ७:५० वरून ८:४५ केली. दोन शाळांतल्या मुलांच्या मनगटावर यंत्रं बांधून मोजलं, तर झोप ३४ मिनिटांनी वाढलेली. सगळी ५५ मिनिटं पदरात पडली नाहीत, पण वायाही गेली नाहीत.

आपल्याकडे अडतं ते इमारतीपाशी. एकाच इमारतीत दोन सत्रं, त्यात लहानांना दुपारी नेलं की मोठ्यांना सकाळ उरते. आणि शाळा तासभर पुढे गेली म्हणून क्लासही रात्री नऊ-दहापर्यंत लांबला, तर मिळवलेलं तिथेच संपतं.

वेळ बदलेपर्यंत घरी करण्यासारखं बरंच आहे. रविवारी रोजच्यापेक्षा फार तर तासभर उशिरा उठू द्या. अकरापर्यंत लोळलं की शरीराचं घड्याळ पुन्हा मागे पडतं आणि सोमवार हमखास रडतो. उठल्यावर १५ मिनिटं गॅलरीत, उजेडात. चारनंतर चहा-कॉफी नको. दुपारची झोप २०-३० मिनिटं, तीही चारच्या आत; शाळेतून येऊन दोन ते पाच झोपणाऱ्याला रात्री बारापर्यंत झोप लागणार नाही, हे ठरलेलंच. जूनमध्ये शाळा उघडायच्या दोन आठवडे आधीपासून उठण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आणा. मात्र उदासी दोन आठवडे टिकली तर नुसत्या झोपेवर भागवू नका, डॉक्टरांना दाखवा.

पालकसभेत एक मागणी जरूर करा, तिला इमारत लागत नाही: सकाळी ७:१० च्या तासाला गणिताची चाचणी नको, पीटीचा तास ठेवा. मैदानावर, उजेडात.