त्रिंकोमालीचं कार्ड

2004 च्या डिसेंबरात रात्री साडेनऊला डॉयचे वेले या जर्मन रेडिओची इंग्रजी सेवा शॉर्टवेव्हवर सोलापुरात आमच्या स्वयंपाकघरात इतकी खणखणीत लागायची की मला शंकाच आली. जर्मनी सहा-सात हजार किलोमीटरवर. तिथून निघालेली लहर वर आयनांबर (रेडिओलहरी परतवणारा वातावरणाचा थर) आणि खाली जमीन अशा उड्या मारत येणार, आवाज चढणार-उतरणार. हा तर जागचा हलत नव्हता.

मग शेजाऱ्याचा रेडिओ मागून आणला. दोन्ही सेट ओट्यावर शेजारी-शेजारी ठेवले आणि तोच कार्यक्रम दोन वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर लावला. खरखरणारा सेट पुढे, खणखणीत सेट किंचित मागे. प्रत्येक शब्द दोनदा! उपग्रहापर्यंत जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो, तेवढाच हा फरक. म्हणजे खणखणीत आवाज आधी उपग्रहावरून कुठेतरी जवळ उतरत होता. जवळ म्हणजे श्रीलंकेतलं त्रिंकोमाली, इथून जेमतेम बाराशे किलोमीटर. जर्मनांनी तिथे रिले केंद्र, म्हणजे आलेला कार्यक्रम पुन्हा प्रक्षेपित करणारं केंद्र, उभारलंय हे वाचून माहीत होतं. पण माझा अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे केंद्राचं नाव असलेलं क्यूएसएल कार्ड: श्रोत्याने काय ऐकलं ते कळवलं की स्टेशन पाठवतं ती पोच.

रिपोर्ट लिहायला बसलो. तारीख, फ्रिक्वेन्सी, सिन्पोचे, म्हणजे ऐकू येण्याच्या दर्जाचे, पाच आकडे, अर्ध्या तासात काय-काय ऐकलं ते मिनिटांसकट. पाकीट चिकटवणार तेवढ्यात डीएक्सिंगमधल्या (दूरची स्टेशनं शोधून ऐकण्याच्या छंदातल्या) एका जुन्या मित्राने कागद ओढून घेतला. ‘‘साडेनऊ? कुणाचे साडेनऊ?’’ मी सगळ्या वेळा भारतीय लिहिल्या होत्या. साडेपाच तास वजा करून 1600 यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ; पूर्ण कागद पुन्हा. शेवटी एक ओळ घातली: कृपया प्रक्षेपण केंद्राचं नाव कार्डावर लिहावं. आणि बॉनला रवाना.

वाट बघताना एक हिशेब केला. 250 किलोवॉटचा ट्रान्समीटर तासभर चालला की नुसत्या हवेत सोडलेल्या शक्तीचेच 250 युनिट. आमचं घर तेवढ्यात अडीच महिने चालायचं. त्यावर यंत्रात उष्णता होऊन जाणारी वीज, अँटेनांचे मनोरे, जमीन, माणसं. मग लक्षात आलं की बीबीसी आणि डॉयचे वेले यांनी कॅरिबियनमध्ये अँटिग्वाला केंद्र भागीदारीत का चालवलं. प्रतिस्पर्धी असले तरी बिल दोघांनाही येतंच. ज्यांना एवढंही झेपत नाही, ते दुसऱ्याचं केंद्र तासांवर भाड्याने घेतात.

फेब्रुवारीत कार्ड आलं. मागच्या बाजूला टाइप केलेलं: त्रिंकोमाली. मी उड्या मारत आईला दाखवायला गेलो. तिची तरुणपणीची प्रत्येक बुधवारची रात्र रेडिओ सिलोनवरच्या बिनाका गीतमालेची. तिने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, ‘‘म्हणजे आपलं सिलोनच की.’’

‘‘सिलोन नव्हे गं, जर्मनांचं केंद्र आहे. जागा तेवढी त्यांची.’’

2013 मध्ये डॉयचे वेलेने ते केंद्र श्रीलंका ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनकडे, म्हणजे रेडिओ सिलोनच्याच वारसाकडे सोपवलं. आईला सांगितलं. ‘‘मग आता गाणी लावतात का तिथून?’’ तिने विचारलं.

‘‘परदेशी स्टेशनांना तास भाड्याने देतात.’’

‘‘हं,’’ ती म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.