तैवानचा आयसीएफ डबा : खिडक्या झाल्या, चाकं अडली

रविवारी पावसाने जरा उघडीप दिली म्हणून घाईघाईत मॉडेल डब्यावर स्प्रे मारला आणि फसलो. भांडुपची ही दमट हवा! तासाभरात निळ्या रंगावर पांढुरकी साय धरली. आता घासून पुन्हा रंगवायचं, पण दिवाळीनंतरच.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात : चेन्नईतल्या पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीने (आयसीएफ, रेल्वेचे डबे बनवणारा कारखाना) १९७१ च्या सुमारास तैवानला पाठवलेला साधा, बिनएसीचा डबा मी १:८७ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान मॉडेल म्हणून बांधतोय. त्याआधी १९६७ मध्ये थायलंडला नुसत्या बोगी गेल्या होत्या. (बोगी म्हणजे चाकांची ट्रॉली. अख्ख्या डब्याला बोगी म्हणणाऱ्या आमच्या फलाटावरच्या जनतेने माफ करावं.) तैवानचे हे डबे फांगलिआओ ते ताइतुंग मार्गावर रोजच्या गाडीला लागायचे, थेट डिसेंबर २०२० पर्यंत. पुढच्याच वर्षी त्याच निळ्या डब्यांची पर्यटक गाडी सुरू झाली. पन्नास वर्षं, छताला पंखे, उघडणाऱ्या खिडक्या. स्वस्तातला माल म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

खिडक्यांवर तीन संध्याकाळी गेल्या. आपला आयसीएफ डबा करताना आडव्या गजांतच जीव जातो. इथे गजच नाहीत. वाटलं, काम सोपं. पण गज नसले की चौकटीची प्रत्येक चूक उघडी पडते! ओएचपी शीटची (पारदर्शक प्लास्टिकची) काच आधी बाहेरून चिकटवली, तर डबा खेळण्यातला दिसायला लागला. उखडून आतून लावली. दोन खिडक्या अर्ध्या वर उचललेल्या ठेवल्यात, तेवढ्यानेच डब्यात माणसं असल्यासारखं वाटतं. फेविक्विक मात्र काचेजवळ नेऊ नका, वाफेने धुरकटते. मी फेविकॉल वापरला.

खरी अडचण गेजची, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराची. तैवानचा रूळ १०६७ मिमी, म्हणजे १:८७ ला १२.२६. मी १२ मिमीवर करतोय, प्रत्यक्षात २३ मिमीची खोट. ती डोळ्यांना दिसत नाही. पण माझ्याकडची चाकं १६.५ मिमी गेजची. आस कापून चाकं आत ढकलली, तर चारांपैकी एक आस तिरकी बसली आणि डबा लंगडतोय. आता अ‍ॅक्रिलिकच्या तुकड्याची खाच करून त्यात चाकं अडकवून बसवेन, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या राहतील. हे आधीच सुचायला हवं होतं.

छत अजून चिकटवलेलं नाही. पंखे लावले की ते कायमचे झाकले जाणार, पण लावणारच.

डब्याच्या पोटाखालचा, बॅटरीच्या पेट्या दिसतील असा फोटो कुणाकडे आहे का? बाजूने काढलेले भरपूर सापडतात, पण पेट्यांची खोली त्यातून कळत नाही.