बाभळीचा काटा आणि टीडीची सुई

परवा धुऱ्यावरची बाभूळ छाटताना अंगठ्यात शिरलेल्या काट्याचे टोक आतच राहिले आणि आज सकाळी अंगठा बोरासारखा लाल होऊन ठणकू लागला, तेव्हा कापसाची वेचणी अर्धवट टाकून प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टरांनी बारीक चीर देताच पिवळसर पू आणि त्यासोबत काट्याचे काळे टोक बाहेर आले. आपण जो घाण म्हणून पुसून टाकतो, तो पू म्हणजे मुख्यतः जंतूंना गिळता गिळता मेलेल्या पांढऱ्या पेशी. सूज येते तीही रक्तवाहिन्या रुंदावून त्यांतून द्रव झिरपतो आणि या पेशी तेथे पोहोचतात म्हणूनच.

नंतर टीडीचे, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पावरच्या लशीचे, इंजेक्शन मिळाले. धनुर्वाताचे मला नेहमी नवल वाटते. गोवर एकदा झाला की शरीर तो सहसा जन्मभर विसरत नाही. धनुर्वातातून वाचलेल्याला मात्र प्रतिकारशक्ती मिळत नाही, कारण त्याचे विष इतक्या अल्प प्रमाणातही जीव घेते की तेवढ्याने शरीराला त्याची नीट ओळखच पटत नाही. म्हणून लशीत तेच विष निरुपद्रवी करून पुरेशा मात्रेत देतात. पहिल्या डोसनंतर प्रतिपिंडे, म्हणजे विषाला निष्प्रभ करणारी रक्तातली प्रथिने, तयार व्हायला एक-दोन आठवडे लागतात, पण ही ओळख जपणाऱ्या स्मृतिपेशी असल्या की पुढच्या वेळी ती काही दिवसांतच वाढतात. माझा मागचा डोस वखराची पास पायाला लागली होती तेव्हाचा, म्हणजे बराच जुना.

आता अंगठ्यापेक्षा दंडच जास्त दुखतो आहे, आणि घरी उरलेल्या चार ओळींच्या कापसाचा हिशेब मागितला जात आहे.