नील पॅरिशची वही: बॉयकॉट, कुळं आणि दगडातले देव

मंडळी, आयर्लंडच्या मेयो काउंटीतल्या नील पॅरिशच्या (चर्चच्या हद्दीतला गावांचा गट) इतिहासाचं काम या महिन्यात बरंच पुढे सरकलं. आधी एक गोष्ट सांगतो म्हणजे तुमचा वेळ वाचेल. ग्रिफिथच्या यादीत (१८४७ ते १८६४, कोण कसतो, जमीन कुणाची, किंमत किती) मी नील हे पॅरिश शोधत बसलो होतो आणि ते सापडेचना, कारण तिथे कॅथलिक पॅरिश चालत नाही, सिव्हिल पॅरिश (सरकारी नोंदींची हद्द) लागतं. नील गाव किल्मोलारात आहे आणि लॉक मास्क हाउस बॅलिनचॅलात. हे कळल्यावर एका बैठकीत सगळं लागलं.

त्या हाउसमध्ये राहायचा कॅप्टन बॉयकॉट, तिथले जमीनदार लॉर्ड अर्न यांचा कारभारी. १८८० मध्ये लॉर्डनी खंडात १० टक्के सूट देऊ केली, कुळांनी २५ मागितली. २२ सप्टेंबरला कोर्टाचा माणूस जमीन सोडायच्या नोटिसा वाटायला निघाला, तीन दिल्या नाहीत तोच बायका जमल्या आणि चिखल, शेण फेकत त्याला हाउसपर्यंत पिटाळलं. मग गडी गेले, धोबीण गेली, दुकानदार माल देईना. शेवटी पीक काढायला बाहेरून ५० ऑरेंजमन (प्रोटेस्टंट संघटनेचे लोक) आणि त्यांच्या राखणीला हजारभर सैनिक आणले, सुमारे ५०० पौंडांच्या पिकापायी १०,००० पौंडांच्या आसपास खर्च!

आपल्याकडे वाळीत टाकायचं ते बहुतेक वरच्यांनी खालच्याला. इथे कुळांनी साहेबाला टाकलं, आणि मला या पॅरिशचं वेड लागलं ते त्यासाठीच. शब्दही तिथलाच, तिथले पाद्री फादर जॉन ओ'मॅली म्हणाले ऑस्ट्रसाइझ (वाळीत टाकणं) हा शब्द लोकांच्या तोंडी बसणार नाही, बॉयकॉट म्हणू. २५ वर्षांनी टिळकांच्या चतुःसूत्रीत बहिष्कार आला, त्याला इंग्रजीत हाच शब्द.

लोककथांसाठी १९३७-३९ चा शाळांचा संग्रह वाचतोय, पोरांनी आजीआजोबांना विचारून वहीत उतरवलेलं. शाईचे डाग, मधेच आयरिश लिपी, एक पान लावायला अर्धा तास जातो, पण गोडी अशी की उठवत नाही.

गावात 'गॉड्स ऑफ द नील' नावाचा कोरीव दगड आहे, त्यात माणसासारखी आकृती आणि दोन प्राणी, एक शिंगवाला. खालच्या लेखाचा अर्थ लावतोय. जवळच मॉयटुराचं रान, आयरिश दंतकथांतल्या फिर बोल्ग आणि तुआथा डे डॅनन या दोन जमातींची लढाई तिथेच झाली असं ऑस्कर वाइल्डचे वडील विल्यम वाइल्ड यांनी मांडलं होतं. पुढच्या महिन्यात तिथले दगडांचे ढीग नकाशावर मांडणार, कुणाकडे जुना सहा इंची (मैलाला सहा इंच) नकाशा असेल तर कळवा.