बाईंचं ‘बिग टाइम’

स्मरणिकेसाठी चार ओळी पाठवा असं पत्र आलं आणि शाळेचं बाकी सगळं मागे पडून डोळ्यांपुढे आल्या त्या इंग्रजीच्या बाई. त्यांचं किती सांगावं! इथे एक ‘बिग टाइम’च पुरे.

फळ्यावर ‘आय ओ यू बिग टाइम’ असं वाक्य होतं. मागच्या बाकावरून अर्थ आला, ‘मी तुला पुष्कळ वेळ देणं लागतो.’ बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, यात वेळ कुठेच नाही. आपलं ‘जाम’, ‘सपाटून’, ‘चांगलंच’, तसं हे. ‘दे लॉस्ट बिग टाइम’ म्हणजे सपाटून हरले. ‘ही मेस्ड अप बिग टाइम’ म्हणजे त्याने पुरता घोळ घातला.

घसरायला होतं ते जागेवरून. मराठीत जोर देणारा शब्द क्रियापदाच्या आधी बसतो, म्हणून आपण ‘आय बिग टाइम ओ यू’ लिहून मोकळे होतो. इंग्रजीत तो कर्म येऊन गेल्यावर, वाक्याच्या शेवटी. बोलताना वजनही त्याच्यावरच. त्याला वर ‘व्हेरी’ लावायचं नाही. ‘टायर्ड’, ‘हंग्री’ अशा विशेषणांपाशी तो शोभत नाही, तिथे साधं ‘रिअली’ बरं. ओ, लूज, पे ऑफ यांच्याशी मात्र त्याचं छान जमतं.

आधी ‘द’ आला की प्रकरण वेगळं. ‘हिट द बिग टाइम’ म्हणजे मोठं नाव कमावणं. अमेरिकेतल्या व्होडव्हिलच्या, म्हणजे गाणी, नाच, विनोद अशा मिश्र करमणुकीच्या रंगभूमीवर हे शब्द रुळले: दिवसाला २ खेळ आणि पैसा चांगला, ते बिग टाइम, ३ किंवा जास्त खेळ करून कमी पैसे, ते स्मॉल टाइम.

कधीकधी ते एकटंच उत्तर म्हणूनही येतं. २००० साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या प्रचारात माइक चालू असल्याचं लक्षात न येऊन उमेदवार जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी एका पत्रकाराबद्दल शिवी हासडली, तेव्हा शेजारी असलेल्या, उपाध्यक्षपदाचे उमेदवार डिक चेनींनी ‘बिग टाइम’ म्हणत री ओढली होती.

आता असे शब्द मोबाइलवरून आपोआप तोंडी बसतात. वाक्य फळ्यावर उलटसुलट मांडून दाखवणारं कुणी नसतं. त्यामुळे अर्जात, निबंधातही बिनदिक्कत ‘बिग टाइम’ घुसतं. ते मित्रांत बोलायचं. बाईंना आभाराचं पत्र लिहायचं तर ‘आय ओ यू अ ग्रेट डील’ असंच लिहावं लागेल, नाहीतर लाल शाई ठरलेली.